कासोदाची भाजी आणि कासोदाची गोळी : थाई वनस्पतींवरच्या संशोधनातून आपण काय घ्यावं?

रानवेली

कासोद तुम्ही पाहिलेला असतो, नाव माहीत नसलं तरी. रस्त्याच्या कडेला, कॉलेजांच्या आवारात, वनीकरणाच्या पट्ट्यांत लावलेलं गडद हिरव्या पानांचं झाड. फांद्यांच्या टोकाला पिवळ्या फुलांचे तुरे येतात आणि नंतर चपट्या लांब शेंगांचे झुबके लोंबत राहतात. वनस्पतिशास्त्रातलं नाव सेना सियामिया. सयामचं, म्हणजे आताच्या थायलंडचं झाड. आपल्याकडे त्याचा उपयोग सावली आणि सरपण एवढाच. तिकडे त्याला 'खीलेक' म्हणतात आणि त्याची भाजी खातात.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वनस्पतिज औषधं हा विषय शिकवते. थायलंडमध्ये स्थानिक वनस्पतींवर झालेलं काम या निमित्ताने बरंच वाचते. त्यातली खीलेकची गोष्ट प्रत्येक तुकडीला सांगतेच. इथेही सविस्तर सांगावीशी वाटली.

थाई घरात खीलेकचा कोवळा पाला आणि फुलांच्या कळ्या कधीही थेट फोडणीला जात नाहीत. आधी भरपूर पाण्यात उकळायच्या, ते कडू पाणी फेकून द्यायचं, पुन्हा नवं पाणी घालून उकळायचं, तेही फेकायचं, मग पिळून घ्यायच्या. त्यानंतर नारळाचं दूध आणि वाटण घालून दाटसर कालवण करतात. हे खाल्लं की पोट साफ होतं आणि झोप चांगली लागते, असं घरातली म्हातारी माणसं सांगत आली.

शास्त्रज्ञांनी झोपेचा हा धागा पकडला. बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात १९४० च्या दशकातच खीलेकवर औषधशास्त्रीय प्रयोग झाले होते. पुढे पानांतून बाराकोल नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं, १९७० च्या सुमारास त्याची रचना कळली आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा शामक परिणामही दिसला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला प्रयोगशाळेने दुजोरा दिला होता. मग वाळवलेल्या पाल्याची पूड करून गोळ्या निघाल्या. निद्रानाशावर सोपा, देशी, स्वस्त उपाय म्हणून लोक त्या रोज घेऊ लागले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस थाई डॉक्टरांकडे कावीळ झालेले रुग्ण येऊ लागले. विषाणू सापडेना, दारूचा इतिहास नाही, पण यकृताला सूज. समान दुवा निघाला तो खीलेकच्या गोळ्यांचा. गोळ्या थांबवल्यावर बहुतेकांचं यकृत सावरलं. धोक्याचे इशारे दिले गेले, गोळ्या बाजारातून गेल्या.

यानंतर महिदोल विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातल्या संशोधकांनी एक साधं काम केलं. कच्च्या पाल्यात बाराकोल किती आणि शिजवलेल्या पाल्यात किती, ते मोजलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत उकळून पाणी टाकल्यावर बाराकोलचं प्रमाण खूपच खाली आलेलं दिसलं. दरम्यान यकृताच्या पेशींवरच्या प्रयोगात बाराकोल त्या पेशींना मारक ठरलं होतं.

भाजी तीच, झाड तेच. गोळी करताना पाणी टाकण्याची पायरी गाळली गेली. ती पायरी चवीसाठी आहे, कडवटपणा घालवण्यासाठी आहे, असं गृहीत धरलं गेलं असणार. माझं म्हणणं एवढंच आहे की कृती हा औषधाचाच भाग असतो. 'अमुक पानाने झोप येते' हे लोकज्ञानाचं अर्धं वाक्य झालं. 'अमुक पान, दोनदा उकळून, पाणी टाकून, जेवणात, अधूनमधून' हे पूर्ण वाक्य. बऱ्याच संशोधनात अर्धंच वाक्य तपासलं जातं, आणि बाजारात तर त्याहून कमी उतरतं.

आता मक्लुआबद्दल. हे आपल्या तेंदूच्या, टेंभुर्णीच्या प्रजातीतलं झाड, डायोस्पायरॉस मोलिस. त्याच्या फळाने कापड काळंभोर रंगवतात. हीच कच्ची हिरवी फळं हुककृमीवर जंताचं औषध म्हणून थायलंडमध्ये वापरात होती. पद्धत फार नेमकी होती : फळं ताजी आणि हिरवीच हवीत, जितकं वय तितकी फळं, पण कितीही वय असलं तरी २५ च्या वर नाहीत, ठेचून नारळाच्या दुधात कालवायची आणि तिथल्या तिथे प्यायची. वाटून ठेवायची नाहीत, कारण रसाला हवा लागली की तो काळा पडतो. १९५० च्या दशकात हुककृमीच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या आणि गुण दिसला. पण नंतरच्या काळात हे औषध घेतलेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांच्या मज्जातंतूला इजा झाल्याच्या, दृष्टी गेल्याच्या नोंदी आल्या आणि त्याचा वापर थांबवावा लागला. ठेवलेल्या रसात होणाऱ्या रासायनिक बदलावर संशय घेतला गेला.

आपल्याकडे अशा 'पायऱ्या' असलेल्या कोणत्या वनस्पती तुम्हाला माहीत आहेत? आणि थाई संशोधनातलं आणखी काही वाचलं असेल तर तेही लिहा.

चाओफ्राया

बँकॉकमध्ये बरीच वर्षं राहते आहे, म्हणून बाजारातलं सांगते. इथे मंडईत कच्चा पाला मिळतो, पण शहरातल्या बायका बहुधा उकळून पिळलेलाच घेतात. भाजीवालीकडे मोठ्या परातीत काळपट हिरव्या रंगाचे गोळे मांडलेले असतात, त्यांत पिवळ्या कळ्या दिसतात. मी पहिल्यांदा घेतला तेव्हा तिने विचारलं, घरी आणखी एकदा उकळणार ना? मान हलवल्यावरच पिशवीत घातला.

नारळाच्या दुधातलं कालवण हे इकडच्या मध्य भागातलं. माझी शेजारीण ईशान्येकडची, ईसानची. तिच्याकडे नारळाचं दूध घालत नाहीत. 'यानांग' नावाच्या वेलीची पानं पाण्यात चुरगाळून, गाळून जो घट्ट हिरवा रस निघतो त्यात ती खीलेक शिजवते. भाजी तोंडात गेल्यावर आधी खमंग लागते आणि कडवटपणा मागाहून येतो, तो बराच वेळ रेंगाळतो. मला आवडते. पण ती रोज कुणी करत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी, मोसमात. गोळी मात्र रोज रात्री घ्यायची असते. हा फरकही रानवेलीताईंच्या 'पूर्ण वाक्यात' यायला हवा असं मला वाटतं.

वैद्यबुवा

ताई, धागा फार मोलाचा. आयुर्वेदात याला संस्कार म्हणतात. संस्काराने द्रव्याचे गुण बदलतात, हे चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराच्या संदर्भात स्पष्ट सांगितलं आहे. औषध आणि अन्न दोन्हींना ते लागू आहे.

बिब्बा घ्या. कच्च्या बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात, सूज येते. म्हणून शोधनात, म्हणजे विषारीपणा काढण्याच्या प्रक्रियेत, बिब्बे विटेच्या चुऱ्यात घोळतात, चोळतात, चुरा तेल ओढून घेतो, मग गरम पाण्याने धुतात. बचनागाचं शोधन गोमूत्रात किंवा दुधात. बचनागातलं अकोनिटिन हृदयाला घातक, शिजवल्यावर त्याचं विघटन होऊन कमी विषारी द्रव्यं तयार होतात, हे आता रसायनशास्त्रानेही दाखवलं आहे. आमच्याकडे जे सांगितलंय त्यावर शंका घेण्याऐवजी आधी ते जसंच्या तसं करून पाहावं, ही माझी विनंती असते.

रसायनवाला

वैद्यबुवा, 'जसंच्या तसं करून पाहावं' याला शंभर टक्के पाठिंबा. 'शंका घेऊ नये' याला मात्र नाही, आणि त्याचं कारण मक्लुआच आहे.

समजा ताजी फळं, योग्य संख्या, लगेच पिणं, सगळं पाळलं. तरी हजारो लोकांत एखाद्याच्या डोळ्याला इजा होत असेल तर गावाला ते कसं कळणार? एका गावात वर्षाला पाचपन्नास जण औषध घेतात. दहा वर्षांत एखादा आंधळा झाला तर गाव म्हणेल त्याला दुसरं काही झालं. औषध पिताच उलटी झाली तर लोकांच्या लक्षात येतं आणि पुढच्या पिढीला सांगितलं जातं. क्वचित होणारी किंवा उशिरा दिसणारी इजा लोकपरंपरेच्या नजरेतून निसटते. तिथे रुग्णालयाच्या नोंदीच लागतात. म्हणून परंपरेची कृती तंतोतंत घ्या, आणि त्यानंतरही मोजा.

कृतीच्या बाजूने मात्र एक सुंदर थाई उदाहरण आहे. 'पुआक हाद'. फणसाच्या प्रजातीतलं एक झाड आहे, आर्टोकार्पस लकूचा, संस्कृतात लकुच. त्याच्या गाभ्याच्या लाकडाचे तुकडे पाण्यात उकळत ठेवतात. वर फेस येतो. तो फेस काढून घेऊन वाळवतात, आणि ती फिकट पूड पट्टकृमीवर थंड पाण्यातून देतात. औषध लाकूडही नाही आणि काढाही नाही, वरचा फेस. १९५७ साली या लाकडातून जे द्रव्य वेगळं केलं गेलं ते आज ऑक्सिरेस्व्हेराट्रॉल नावाने ओळखलं जातं, आणि वाळवलेल्या फेसाचा मुख्य भाग तेच असतं. म्हणजे स्वयंपाकघरातल्या भांड्यात, चाळणी-झाऱ्यावर, लोक एका द्रव्याचं शुद्धीकरण करत होते. १९८० च्या दशकात महिदोल विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विभागातल्या डॉक्टरांनी पुआक हाद पट्टकृमीच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि ते उपयोगी ठरलं. पुढे चुलालोंगकॉर्न विद्यापीठात याच द्रव्याचा त्वचेचा रंग उजळण्यासाठी अभ्यास झाला. तो वेगळा विषय, त्याचा परंपरेशी संबंध नाही.

सह्यमित्र

गजकर्णीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पांढऱ्या, पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या फुलांचं झुडूप, आपल्याकडे गजकर्णावर त्याचं मूळ लावतात. थायलंडमध्ये त्याला 'थोंग फान चांग' म्हणतात आणि तिथेही उपयोग तोच, त्वचेवरच्या बुरशीवर. तिकडची पद्धत अशी की पानं किंवा मुळं ठेचून काही दिवस दारूत, म्हणजे अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायची आणि तो अर्क लावायचा.

सोंगख्ला विद्यापीठात या झाडातल्या ऱ्हायनाकँथिन गटातल्या द्रव्यांवर बराच अभ्यास झालाय. ही द्रव्यं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये उतरतात. खीलेकमध्ये नको असलेलं द्रव्य पाण्यात उतरवून टाकतात, इथे हवं असलेलं द्रव्य अल्कोहोलमध्ये उतरवून घेतात. रसायनवाला, बरोबर ना?

रसायनवाला

बरोबर. याच कारणाने प्रयोगशाळेत गजकर्णीचा फक्त पाण्यातला काढा करून 'बुरशीवर परिणाम नाही' असा निष्कर्ष काढणं त्या झाडावर अन्याय ठरेल. तपासणीत कोणता द्रावक घेतला, हे शोधनिबंधात मी सगळ्यात आधी बघतो.

सह्यमित्र

मग आता उलट बाजूचंही सांगतो, कारण मी सर्पदंशाच्या जनजागृतीचं काम करतो आणि हे सांगणं मला फार गरजेचं वाटतं.

थायलंडमध्ये 'फया यो' नावाची वनस्पती आहे, क्लिनाकँथस न्यूटन्स. साप, विंचू, किडा चावला की तिचा पाला ठेचून लावण्याची आणि पोटात देण्याची परंपरा होती. थाई शास्त्रज्ञांनीच ती तपासली. नागाचं विष टोचलेल्या उंदरांना हा अर्क दिला. १९७७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : नागाच्या विषावर उतारा म्हणून उपयोग नाही. कुणाच्या भावना दुखावतील म्हणून त्यांनी तो लपवला नाही, स्वतःच्या देशाच्या परंपरेबद्दलचा नकार सरळ छापला.

त्याच वनस्पतीचं मलम पुढे नागीण या अंगावर फोड येणाऱ्या आजारावर आणि जननेंद्रियांच्या हर्पिसवर रुग्णांमध्ये तपासलं गेलं, १९९० च्या दशकात. तिथे फोड लवकर सुकताना दिसले, आणि आज ते मलम थायलंडच्या राष्ट्रीय औषध यादीत आहे. एकाच झाडाचा एक दावा टिकला, दुसरा पडला. 'ही वनस्पती गुणकारी आहे का?' असा प्रश्नच विचारता येत नाही. कशावर, कोणत्या रूपात, कुणाला, हे विचारावं लागतं.

आपल्याकडे अजूनही मण्यार चावलेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे किंवा पाला लावायला नेतात. मण्यारीच्या दंशाच्या जागी सूज नसते, दुखत नाही, म्हणून पाल्याने उतार पडला असं वाटतं, आणि काही तासांत श्वास बंद पडतो. कृपया थेट सरकारी दवाखाना, थेट प्रतिसर्पविष. मध्ये काहीही नको.

मीठमिरची

ताई, एक विचारू का? इंटरनेटवर 'थाई पांढरा क्वाओ क्रुआ' अशा गोळ्या आणि क्रीम विकतात, पाळी गेल्यानंतरच्या त्रासावर म्हणून. माझ्या मावशीने मागवल्या आहेत. विक्रेता लिहितो की हा आपलाच विदारीकंद. खरं आहे का?

रानवेली

मीठमिरची, नाही. प्रजाती एक, जाती वेगळ्या. आपला विदारीकंद म्हणजे प्युरेरिया ट्यूबरोसा, घोडवेल. क्वाओ क्रुआ म्हणजे प्युरेरिया मिरिफिका, आता तिला प्युरेरिया कँडोली या जातीचा एक वाण मानतात. गुण एकमेकांवर लादता येत नाहीत, आणि इथे तर मुळीच नको. कारण क्वाओ क्रुआच्या कंदात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी, खऱ्या अर्थाने जोरकस द्रव्यं आहेत.

या कंदाचा इतिहास मला फार आवडतो. १९३१ साली च्यांग माईमध्ये लुआंग अनुसान सुंथोन यांनी एक पुस्तिका काढली, म्हाताऱ्या माणसांना तारुण्य देणारा कंद म्हणून. मात्रा सांगितली होती मिऱ्याच्या दाण्याएवढी गोळी, दिवसातून एक. आणि तरुणांनी घेऊ नये असा इशाराही होता. पुढच्याच वर्षी केर या आयरिश वनस्पतितज्ज्ञांनी सयाम सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर टिपण लिहिलं आणि युरोपचं लक्ष गेलं. १९४० मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी इस्ट्रोजेनसारखं काम करणारं द्रव्य वेगळं काढलं. त्यालाच पुढे मिरोएस्ट्रॉल म्हटलं गेलं, आणि १९६० मध्ये त्याची रचना ठरली. २००० साली थाई आणि जपानी संशोधकांनी डिऑक्सिमिरोएस्ट्रॉल शोधलं आणि सुचवलं की कंदातलं मूळ द्रव्य हे असावं, मिरोएस्ट्रॉल त्याला हवा लागून तयार होत असावं. पाहा, इथेही कंद ताजा की वाळवलेला, किती दिवस ठेवलेला, याने रसायन बदलतं. शिवाय वेगवेगळ्या प्रांतांतल्या कंदांत, वेगवेगळ्या मोसमांत प्रमाण कमी-जास्त असतं.

थायलंडच्या हात्याय इथल्या रुग्णालयात रजोनिवृत्तीच्या बायकांवर रोज ५० आणि १०० मिलिग्रॅम अशी चाचणी झाली, आणि अंगातून वाफा येणं, घाम येणं कमी झालं असं २००४ साली छापून आलं. अभ्यास लहान होता. पण मला त्या १९३१ च्या पुस्तिकेतल्या दोन गोष्टी परत परत आठवतात : मिऱ्याएवढी मात्रा आणि तरुणांनी नको. आज तेच विक्रेते तरुण मुलींना छाती वाढवायची क्रीम म्हणून विकतात. परंपरेचं नाव घ्यायचं आणि परंपरेने घातलेलं बंधन काढून टाकायचं, याची मला खरोखर चीड येते.

मावशींना स्तनाचा किंवा गर्भाशयाचा काही आजार होऊन गेला असेल, घरात कुणाला असेल, किंवा रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर त्यांनी ती गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही घेऊ नये. बाकी कुणीही स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारूनच.

मीठमिरची

मावशींचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालंय. आजच फोन करून सांगते. मनापासून आभार.

तळकोकण

फा थलाय चोन म्हणजे आमचं पालेकिराईतच ना? आमच्याकडे ताप आला की पाला उकळून कडूजहर पाणी देत. कोविडच्या वेळी थायलंडने हे सरकारी औषध केलं असं वाचलं होतं.

रसायनवाला

हो, तेच. अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, संस्कृत-हिंदीत कालमेघ. मूळ भारत-श्रीलंकेकडचं, पण थायलंडमध्ये चांगलंच रुजलंय. त्यामुळे 'थाई' संशोधन असलं तरी झाड आपल्या दोघांचं.

आधी जुना अभ्यास सांगतो, तो मला जास्त भावतो. १९९१ साली थाई डॉक्टरांनी घसा आणि टॉन्सिलच्या दाहाच्या १५२ प्रौढ रुग्णांचे गट केले : पाल्याची पूड रोज ३ ग्रॅम, रोज ६ ग्रॅम, आणि तिसऱ्या गटाला पॅरासिटामॉल. तिसऱ्या दिवशी ६ ग्रॅमवाल्यांचा ताप आणि घशाचं दुखणं पॅरासिटामॉलवाल्यांइतकंच उतरलेलं होतं, ३ ग्रॅमवाल्यांचं तितकं नाही. सातव्या दिवशी सगळेच सारखे. म्हणजे काय? मात्रा पुरेशी असेल तर आराम मिळतो, चमत्कार नाही, आणि हा आजार आठवड्यात तसाही बरा होतो. इतका प्रामाणिक निकाल वाचला की बरं वाटतं. १९९९ मध्ये ही वनस्पती थायलंडच्या आवश्यक औषधांच्या यादीत आली.

आता कोविड. सौम्य आजार असलेल्यांवर चाचणी झाली, पालेकिराईतातलं मुख्य द्रव्य अँड्रोग्राफोलाइड, रोज १८० मिलिग्रॅम, पाच दिवस. औषध घेतलेल्या २९ जणांत न्यूमोनिया कुणालाच नाही, न घेतलेल्या २८ पैकी तिघांना झाला. हा फरक अर्थपूर्ण आहे असं सांगून निबंध पूर्वप्रकाशनाच्या (प्रीप्रिंट) संकेतस्थळावर, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच, टाकला गेला. नंतर संख्याशास्त्रीय गणितात चूक निघाली. बरोबर गणित केलं तर इतक्या छोट्या गटांत शून्य आणि तीन हा फरक योगायोगानेही येऊ शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये लेखकांनीच निबंध मागे घेतला. पण तोवर लोक साठे करत होते, तुरुंगांतल्या कैद्यांनाही औषध दिलं जात होतं.

पालेकिराईत निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. तिघांच्या आकड्यावर कोट्यवधींचं धोरण उभं राहू नये, इतकंच. आणि तोंडाची चव जाणं, क्वचित तीव्र ॲलर्जी, अशा नोंदी ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी दिल्या आहेत, त्या लक्षात असाव्यात.

तळकोकण

चव जाते हे आमची आजी सांगायची! 'दोन दिवस जेवण मातीसारखं लागेल' म्हणायची. तिला दुष्परिणाम हा शब्द माहीत नव्हता, गोष्ट माहीत होती.

आंबेमोहर

धाग्यात हक्काचा मुद्दा आला नाही अजून. प्लाओ नॉयचं नाव घेतल्याशिवाय थाई वनस्पतींवरची चर्चा पूर्ण होत नाही.

प्लाओ नॉय हे क्रोटॉनच्या प्रजातीतलं झुडूप, पोटाच्या विकारांवर थायलंडमध्ये जुन्या औषधयोगांतून वापरलं जाणारं. जपानच्या सांक्यो कंपनीने १९७० च्या दशकात त्याच्या पानांतून प्लाउनोटॉल हे द्रव्य काढलं, पेटंट घेतलं, आणि जठराच्या व्रणावरचं औषध म्हणून 'केलनॅक' नावाने जपानमध्ये विकलं. कच्चा माल थायलंडच्याच प्राचुआप खिरी खान भागातल्या लागवडीतून. ज्यांच्या पोथ्यांतून झाडाचा माग लागला त्यांच्या वाट्याला पानं पिकवणं आलं. थाई समाजात याचा राग खोल आहे आणि तो रास्त आहे.

त्यातून १९९९ चा पारंपरिक थाई वैद्यकज्ञानाच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यात औषधयोगांचे तीन वर्ग केले : राष्ट्रीय, सर्वसाधारण आणि वैयक्तिक. राष्ट्रीय म्हणून घोषित झालेला योग व्यापारासाठी वापरायचा तर परवानगी आणि शुल्क. वैयक्तिक योगाची नोंदणी त्या वैद्याच्या नावावर. आपल्याकडे हळदीचं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, ते सगळ्यांना आठवतं. पण तिथे लढाई 'हे आधीच माहीत होतं' एवढ्यावर जिंकली. प्लाओ नॉयमध्ये कंपनीने झाडातून वेगळं द्रव्य काढलं होतं, ते पोथीत कुठून असणार? लोकज्ञानाने वाट दाखवली, पेटंट मात्र वाटेच्या टोकाला सापडलेल्या वस्तूवर मिळालं. ही पळवाट कायद्याला अजून नीट बुजवता आलेली नाही, असं माझं मत.

वैद्यबुवा

आंबेमोहर, यावर माझी एक वेदना आहे. संशोधक गावात येतात, वैद्याला दोन तास प्रश्न विचारतात, फोटो काढतात, जातात. निबंध छापून येतो तेव्हा 'स्थानिक माहितगारांच्या मते' एवढाच उल्लेख. निष्कर्ष काय निघाला हे त्या वैद्याला कुणी परत येऊन सांगत नाही. हानिकारक निघालं असेल तर ते त्यालाच पहिल्यांदा कळायला हवं.

रसायनवाला, आपलं क्वचित होणाऱ्या इजेबद्दलचं म्हणणं मी मान्य करतो. माझ्या दवाखान्यात मी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवतो, पण शेजारच्या तालुक्यातल्या वैद्याच्या नोंदींशी ती कधी जोडली जात नाही. जोडली गेली पाहिजे.

डोंगरवाट

आम्ही काही मित्र भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांमध्ये रानभाज्या आणि घरगुती औषधांच्या नोंदी करतो आहोत. आत्तापर्यंत नाव, फोटो, उपयोग एवढंच लिहीत होतो. हा धागा वाचून वाटतंय की फार मोठा भाग सुटतोय. उदाहरणार्थ, शेवळाच्या भाजीत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालतातच. विचारलं तर म्हणतात, नाहीतर घशाला खाज सुटते. आम्ही फक्त 'शेवळं, भाजी' असं लिहिलंय. नेमकं काय काय नोंदवावं, ताई?

रानवेली

डोंगरवाट, तुमचं शेवळं-काकडं हे खीलेकच्या तोडीचं उदाहरण आहे. पहिलं काम म्हणजे नमुना. फुलासकट फांदी दाबून वाळवा आणि जवळच्या विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात जमा करा. प्लाओ नॉयचं वनस्पतिशास्त्रीय नाव नंतर बदललं, क्रोटॉन सब्लायरेटसचं क्रोटॉन स्टेलॅटोपिलोसस झालं. नमुना जपलेला असेल तर नावं बदलली तरी झाड कोणतं याबद्दल वाद राहत नाही. फोटोवर भागत नाही.

मग माणसाजवळ बसून प्रत्यक्ष करताना बघा. सांगताना पायऱ्या गाळल्या जातात, कारण सांगणाऱ्याला त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. कोणता भाग, कोवळा की जून, कोणत्या महिन्यातला, झाकण ठेवून उकळलं की उघडं, पाणी ठेवलं की फेकलं, भांडं मातीचं की लोखंडी, सोबत आंबट काय घातलं. मूठ, चिमूट, ओंजळ अशी मापं सांगतील, तिथे छोटा तराजू काढून त्या मुठीचं वजन करून घ्या. किती दिवस द्यायचं आणि कधी थांबवायचं हे विचारा. कुणाला द्यायचं नाही हा प्रश्न तर आवर्जून, गरोदर बाई, लहान मूल, तरुण. आणि शेवटी 'हे घेऊन कुणाला कधी त्रास झाला का?' असं विचारा. पहिल्या भेटीत 'नाही' म्हणतील. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आठवतं.

वाडीतल्या दोन घरांत पद्धत वेगळी निघाली तर दोन्ही लिहा, सरासरी काढू नका. चाओफ्राया यांनी सांगितलेलं नारळाचं दूध आणि यानांगचा रस, यांनी पाल्यात उरलेल्या बाराकोलवर काय परिणाम होतो हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि तो केवळ दोन्ही पद्धती कुणीतरी नोंदवल्या म्हणून विचारता येतो.

डोंगरवाट

छापून घेतो हे. एक आणखी विचारतो, रस्त्याकडेच्या कासोदाचा कोवळा पाला उकळून आपण खाऊन पाहावा का? ग्रुपवर एकाने तसं सुचवलंय.

चाओफ्राया

मी सांगते, नका. इथे तो पाला निवडणारी, उकळणारी माणसं लहानपणापासून ते करत आली आहेत. किती उकळल्यावर पाण्याचा रंग कसा व्हायला हवा हे त्यांना डोळ्यांनी कळतं. शिवाय रस्त्याकडेच्या झाडाच्या पानांवर धूर आणि धूळ बसलेली असते.

रानवेली

अगदी. आणि ज्यांना यकृताचा काही त्रास आहे त्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. बाराकोल कमी होतं असं मोजलंय, शून्य होतं असं नाही.

आंबेमोहर

डोंगरवाट, तुमच्या नोंदी गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत गेल्या पाहिजेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, त्यांच्याकडे चौकशी करा. समिती कागदावरच असेल तर ग्रामसभेत विषय मांडा. पण आधी माहिती देणाऱ्या आजी-आजोबांना विचारा की त्यांचं नाव लिहायचं का, आणि कोणती कृती गावाबाहेर जाऊ द्यायची. जी द्यायची नसेल ती तुमच्या वहीतून खोडून टाका, तिचे फोटोही ग्रुपवर ठेवू नका.

डोंगरवाट

परवाच्या रविवारी पुन्हा जातोय. वैद्यबुवांच्या म्हणण्याप्रमाणे आधीच्या नोंदींचा कागदही सोबत नेतो, वाचून दाखवायला. काय चुकलंय ते तेच सांगतील.